जीवनसत्त्वांच्या तक्त्यातली एक ओळ : डॉ. हॅरिएट चिक

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला जीवनसत्त्वांचा तक्ता आठवतो का? तीन रकाने होते. जीवनसत्त्व, ते कशातून मिळते आणि त्याच्या अभावी होणारा रोग. अ म्हणजे रातांधळेपणा, ब म्हणजे बेरीबेरी, क म्हणजे स्कर्व्ही आणि ड म्हणजे मुडदूस. बाईंनी तो तक्ता वहीत काढून आणायला सांगितला होता आणि परीक्षेत "जोड्या लावा" मध्ये तो हमखास यायचा. आपण सगळ्यांनी तो पाठ केला आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. त्यातली एकेक ओळ कोणी, कुठे आणि किती वर्षे खपून लिहिली, हे विचारायचे तेव्हा कोणालाच सुचले नाही.

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या आवडत्या व्यक्तीविषयी लिहावे असे ठरले, तेव्हा बहुतेकांनी थोर नेत्यांची आणि खेळाडूंची नावे घेतली. मी त्या तक्त्यातल्या "ड – मुडदूस" या ओळीमागच्या बाईंविषयी लिहिणार आहे. त्यांचे नाव डॉ. हॅरिएट चिक. आडनाव ऐकून आपल्याला खरवसाचा चीक आठवेल, पण बाई अस्सल लंडनच्या.

आधी मुडदुसाविषयी थोडेसे. वाढत्या वयात मुलाच्या हाडांत कॅल्शियम आणि फॉस्फरस नीट बसले नाही तर हाडे मऊ राहतात. मूल उभे राहू लागले की शरीराच्या भाराने पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात. मुलींच्या बाबतीत कमरेचे हाड वाकडे झाले तर पुढे बाळंतपणात जिवावर बेतते. शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या कारखान्यांच्या शहरांत ही मुले गल्लोगल्ली दिसत. कारण मात्र पक्के ठाऊक नव्हते. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून सांगत होते की अन्नात काहीतरी कमी पडते. ग्लासगोचे डॉक्टर लिओनार्ड फिंडले म्हणत होते की कोंदट घरे आणि मोकळ्या हवेचा अभाव हे कारण आहे. बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशाने आजारी मुले बरी करून दाखवली होती. आणि हा एक संसर्गजन्य रोग आहे असे मानणारे मोठमोठे डॉक्टरही होते. प्रत्येकाकडे स्वतःचा पुरावा होता आणि दुसऱ्याचा पुरावा कोणाला पटत नव्हता.

हॅरिएट चिक यांचा जन्म ६ जानेवारी १८७५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सॅम्युअल चिक लेसचे व्यापारी होते. घरात सात बहिणी, भाऊही होते. मेथडिस्ट पंथाचे कडक वळण होते. नाचगाणे आणि चैन वर्ज्य होती. पण याच घराने मुलींना शाळेत घातले आणि सातपैकी सहा जणी विद्यापीठापर्यंत शिकल्या. त्या काळात मुलीला पदवीपर्यंत शिकवणे हीच मोठी गोष्ट होती, इथे तर घरात ओळीने सहा! हॅरिएटची एक बहीण एडिथ वनस्पतिशास्त्रज्ञ झाली.

हॅरिएट नॉटिंग हिल हायस्कूलमधून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेल्या. त्यांचा विषय जीवाणूशास्त्र. शिष्यवृत्ती मिळवून त्या व्हिएन्ना आणि म्युनिक इथे माक्स ग्रुबर यांच्याकडे काम शिकल्या आणि १९०४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्ना शहराची ही पहिली ओळख पुढे फार कामी येणार होती.

१९०५ साली त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधन वृत्तीसाठी अर्ज केला. तोपर्यंत ती कोणा स्त्रीला मिळाली नव्हती. अर्ज आला तेव्हा संस्थेतल्या दोघा जणांनी बाईला घेऊ नका असा आग्रह धरला. निवड मात्र झाली. इंजिनीअरिंगला आमच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत लग्न कधी करणार हा प्रश्न मला आधी विचारला गेला, प्रोग्रामिंगचा नंतर. त्यामुळे हा प्रसंग वाचून मला नवल वाटले नाही. नवल याचे वाटले की त्यांनी त्यावर वेळ घालवला नाही. कामाला लागल्या आणि पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ त्याच संस्थेशी जोडलेल्या राहिल्या.

लिस्टरचे संचालक चार्ल्स मार्टिन हे त्यांचे मार्गदर्शक आणि पुढे आयुष्यभराचे सहकारी. या मार्टिन साहेबांचा आपल्याशीही संबंध आहे. मुंबई प्लेगने हैराण झाली होती तेव्हा, १९०५ साली, प्लेगच्या संशोधनाची घडी बसवायला ते मुंबईत आले होते. परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या त्या कामातूनच प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसापर्यंत पोहोचतो हे पक्के झाले. आज तिथे हाफकिन संस्था आहे.

चिक यांचे पहिले मोठे काम जंतुनाशकांवरचे. जंतुनाशक घातल्यावर जीवाणू एकदम मरत नाहीत. कोणत्याही क्षणी जितके जिवंत उरले असतील त्या प्रमाणात ते मरत जातात, हे त्यांनी १९०८ साली मोजून दाखवले. हर्बर्ट वॉटसन यांनी त्याला जंतुनाशकाच्या तीव्रतेची जोड दिली. चिक-वॉटसन नियम म्हणून तो आजही शिकवला जातो. नळाच्या पाण्यात क्लोरिन किती घालायचे आणि किती वेळ राहू द्यायचे, याचा हिशेब त्यावर बसतो. म्हणजे आपण सकाळी ग्लासभर पाणी पितो त्यातही या बाईंचे काहीतरी आहे.

१९११ साली इंग्लंडात जीवरसायनशास्त्रज्ञांचा क्लब निघाला, तो फक्त पुरुषांसाठी. दोन वर्षांनी त्यांना दार उघडावे लागले आणि आत आलेल्या पहिल्या तिघींत चिक होत्या.

मग पहिले महायुद्ध आले. मेसोपोटेमियात लढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी होत होता आणि हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. गोळीपेक्षा शिध्यानेच माणसे निकामी होत होती. चिक आणि त्यांची सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी कोणत्या अन्नात हे रोग टाळणारा पदार्थ किती आहे याची पद्धतशीर तपासणी केली. बोटीवर पिढ्यान्‌पिढ्या दिला जाणारा वेस्ट इंडीजच्या लाइम लिंबांचा रस लेमनच्या रसापेक्षा फारच दुबळा आहे हे दिसून आले. आणि आणखी एक गोष्ट दिसली. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही टाळण्याची ताकद नसते, पण तेच भिजवून मोड आणले की ती येते. ताजी भाजी जिथे पोहोचत नाही तिथे सैनिकांना मोड आलेली कडधान्ये द्या, असे त्यांनी सुचवले. आपल्या आज्यांनी मटकी फडक्यात बांधून ठेवली ती चवीसाठी, पण तिच्यातला हा गुण प्राण्यांवर तपासून आकड्यांत मांडला तो चिक यांच्या प्रयोगशाळेने.

आता मुख्य गोष्ट. १९१८ साली युद्ध संपले तेव्हा व्हिएन्ना उपाशी होते. साम्राज्य मोडले होते, हंगेरी आणि बोहेमियातून येणारे धान्य आणि कोळसा बंद झाला होता, दूध मिळत नव्हते. लहान मुलांत मुडदूस आणि मोठ्यांत, विशेषतः वयस्कर बायकांत, हाडे मऊ पडण्याचा रोग पसरला होता. लंडनहून चिक आणि ऑस्ट्रेलियन डॉक्टर एल्सी डॅलिएल यांना तिकडे पाठवण्यात आले. पुढे मार्गारेट ह्यूम, हॅना हेंडरसन स्मिथ आणि डॉक्टर हेलन मॅके याही गेल्या. कालच्या शत्रूच्या राजधानीत इंग्लंडहून आलेली ही बायकांची तुकडी.

त्यांना जागा दिली ती क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी. ते व्हिएन्नाच्या प्रसिद्ध बालरुग्णालयाचे प्रमुख. "अॅलर्जी" हा शब्द त्यांनीच वैद्यकात आणला आणि क्षयाची त्वचेवरची चाचणीही त्यांचीच. मुलांच्या पोषणाचा हिशेब मांडण्याची त्यांची स्वतःची पद्धत होती आणि त्यांचे ठाम मत होते की मुडदूस हा संसर्गाचा रोग आहे, अन्नाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे चिक जे तपासायला आल्या होत्या ते त्यांना मान्यच नव्हते. तरीही त्यांनी आपले वॉर्ड, आपल्या परिचारिका आणि एक्स-रेची सोय या बाईंच्या हाती दिली. मला चिक यांच्याइतकेच पिर्के यांचेही कौतुक वाटते.

चिक यांनी काय केले ते सांगते. माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा आहे. एखादी यंत्रणा बंद पडली की एक जण नेटवर्कला दोष देतो, दुसरा डेटाबेसला, तिसरा कालच्या बदलाला. अशा वेळी एकच शहाणा मार्ग असतो. बाकी सगळे जसेच्या तसे ठेवायचे, एकच गोष्ट बदलायची आणि नोंद करायची. चिक यांनी हेच तान्ह्या बाळांच्या वॉर्डात केले, आणि ते यंत्रापेक्षा कितीतरी अवघड होते.

त्यांनी एकाच रुग्णालयातल्या, सारख्याच देखभालीतल्या बाळांचे दोन गट केले. स्वच्छता तीच, परिचारिकांची शिस्त तीच. एका गटाला रुग्णालयाचा नेहमीचा आहार, म्हणजे पिर्के यांच्या पद्धतीचा. दुसऱ्या गटाच्या आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल. बाळ बाहेरून धट्टेकट्टे दिसले तरी हाडाच्या टोकाशी रोग सुरू झालेला असू शकतो, म्हणून ठरावीक काळाने प्रत्येकाचे एक्स-रे. डोळ्यांना काय वाटते यावर काही सोडले नाही.

हिवाळा आला. नेहमीच्या आहारावरच्या बाळांपैकी अनेकांच्या एक्स-रेत मुडदूस दिसू लागला. तेल मिळणाऱ्या बाळांत तो दिसला नाही. मेलनबींचा आहाराचा पक्ष बरोबर ठरला, असे म्हणून इथेच थांबता आले असते. पण त्या थांबल्या नाहीत. उन्हाळा आला तेव्हा त्यांना दिसले की आता दोन्ही गटांत नवा मुडदूस होतच नाही. आहार तोच, तेल नाही, तरी बाळे ठीक. आजारी बाळांनाही उघड्यावर उन्हात ठेवले की ती सुधारत. मग हिवाळ्यात पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश दिला, तर तेलाइतकाच गुण आला.

म्हणजे अन्न म्हणणारेही बरोबर आणि मोकळी हवा, प्रकाश म्हणणारेही बरोबर. एकाच कुलपाला दोन किल्ल्या होत्या. आणि एकाच वॉर्डात राहूनही तेल घेणाऱ्यांना रोग होत नव्हता, म्हणजे संसर्गाचा प्रश्न मिटला. १९२२ साली हे निष्कर्ष "लॅन्सेट" मध्ये आले आणि १९२३ साली सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. पिर्के यांनाही आपले मत सोडावे लागले. त्यांच्याच घरात, त्यांच्याच मदतीने, त्यांचेच मत खोडले गेले होते.

हे वाचताना एक काटा मनात राहतो आणि तो मी लपवणार नाही. ज्या बाळांना तेल दिले नाही त्यांचे काय? आज असा प्रयोग करायचा तर नीतिसमितीपुढे शंभर प्रश्न येतील, आणि यावेत. एवढे सांगता येते की त्या बाळांना त्या रुग्णालयात सगळ्यांना मिळणारा आहारच मिळत होता, त्यातला एक घासही कोणी काढून घेतला नाही. तेलाचा उपयोग आहे हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. आणि ज्यांच्यात रोग दिसला त्यांच्यावर तेलाने किंवा प्रकाशाने उपचार केले गेले. तरीही आपण ज्या ओळीवर दोन गुण मिळवले, तिच्या मागे कोणाची तरी तान्ही लेकरे होती, हे विसरू नये असे मला वाटते.

मोठ्यांकडेही त्यांचे लक्ष होते. उपासमारीने हाडे मऊ पडलेल्या, पाठीच्या आणि कमरेच्या दुखण्याने चालता न येणाऱ्या व्हिएन्नातल्या रुग्णांवर डॅलिएल आणि चिक यांनी आहाराचे उपचार करून पाहिले आणि १९२१ साली त्याविषयी लिहिले. कॉडच्या तेलाने त्यांना आराम पडला. लहान मुलांचा मुडदूस आणि मोठ्यांचा हा रोग ही एकाच दुखण्याची दोन रूपे.

गंमत पाहा, याच सुमारास आपल्या नाशिक भागातही हेच कोडे सुटत होते. हचिसन आणि शाह यांचा अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले की साधे धान्य खाऊन शेतात राबणाऱ्या गरिबांच्या घरी मुडदूस जवळजवळ नाही, पण जिथे पडदा पाळला जातो अशा खात्यापित्या घरांत, जिथे आई आणि तान्हे मूल दिवसचे दिवस आत असतात, तिथे तो भरपूर आहे. व्हिएन्नात हिवाळ्याने ऊन अडवले होते, नाशिकात भिंतींनी आणि रीतीने.

लंडनला परतल्यावरचा एक किस्सा मला फार आवडतो. ह्यूम आणि स्मिथ या दोघींनी उंदरांवर प्रयोग केले. काचेच्या बरणीत दिव्याचा प्रकाश सोडायचा आणि मग त्या बरणीत उंदीर ठेवायचे. प्रकाश उंदरांवर पडलाच नव्हता, तरी ते चांगले वाढले. दोघींनी १९२३ साली लिहिले की प्रकाश दिलेल्या हवेत काही गुण येत असावा. पण त्यांचे समाधान झाले नाही. पुन्हा तपासल्यावर कळले की गुण हवेत नव्हता, बरणीच्या तळाशी पसरलेल्या लाकडाच्या भुशात होता. प्रकाश भुशावर पडत होता आणि उंदीर तो भुसा खात होते! पुढच्याच वर्षी दोघींनी स्वतःचा निष्कर्ष स्वतःच दुरुस्त करून छापला. त्याच सुमारास अमेरिकेत स्टीनबॉक आणि हेस यांनी दाखवले की अतिनील प्रकाश दिल्याने खाद्यपदार्थांतही मुडदूस बरा करण्याची शक्ती येते. पुढे सगळा उलगडा झाला. आपल्या त्वचेतल्या एका पदार्थावर ऊन पडले की त्याचे ड जीवनसत्त्व बनते. माशाच्या तेलात ते तयार असते. दोन किल्ल्या म्हणजे हीच.

चिक पुढे लिस्टरच्या पोषण विभागाच्या प्रमुख झाल्या. १९३४ ते १९३७ या काळात राष्ट्रसंघाच्या पोषणविषयक समितीच्या त्या चिटणीस होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा विभाग केंब्रिजला मार्टिन यांच्या घरी हलला. तिथे त्यांनी युद्धकाळातल्या पावासाठी गव्हाच्या पिठाचा कस तपासला. निवृत्त मार्टिन साहेबही प्रयोगाच्या उंदरांना खाऊ घालायला मदत करत. १९४१ साली स्थापन झालेल्या न्यूट्रिशन सोसायटीच्या त्या संस्थापकांपैकी एक आणि १९५६ ते १९५९ अध्यक्ष, म्हणजे ऐंशी वर्षे ओलांडल्यावर! १९४९ साली त्यांना "डेम" किताब मिळाला. त्यांनी लग्न केले नाही. व्हिएन्नातल्या त्या दिवसांची हकिगत त्यांनी १९७६ साली, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी, वैद्यकाच्या इतिहासाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केली. ९ जुलै १९७७ रोजी, १०२ वर्षांच्या होऊन, त्या गेल्या.

आता आपल्याविषयी. आपण सगळे चाळिशीत आहोत. वर्गाच्या ग्रुपवर अधूनमधून रक्ताचे रिपोर्ट येतात आणि त्यात ड जीवनसत्त्व कमी असणारे कितीतरी निघतात, मीही त्यातलीच. ज्या देशात ऊन फुकट आहे तिथे आपण सकाळी गाडीत बसून बंद काचांच्या ऑफिसात जातो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी येत नाही, कारण हवा तो अतिनील किरण काच अडवते. पूर्वी रीतीने ऊन अडवले होते, आज आपल्या नोकऱ्यांनी. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या, पण मुलांना मैदानावर सोडायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. कवायतीच्या तासाला आपल्याला उन्हात उभे करणाऱ्या सरांवर आपण चिडायचो, त्यांचे काय चुकत होते?

आणि सर, बाई, तुमच्यासाठी एक सांगायचे आहे. या गोष्टीत मला शिक्षक दिसतो तो पिर्के यांच्यात. स्वतःचे मत ठाम असताना समोरच्याला ते तपासू देणे, त्यासाठी आपली जागा आणि माणसे देणे, आणि उत्तर आपल्या विरोधात आले तर ते स्वीकारणे. आपल्या वर्गात कोणी फळ्यावरच्या गणितात वेगळे उत्तर काढले, तर तुम्ही त्याला खाली बसवले नाही. खडू हातात देऊन करून दाखवायला सांगितले. आम्ही पुढे जे काही झालो, त्यात त्या खडूचा वाटा मोठा आहे.